शाई नाकापाशी संपली

रीडिंगकाका वस्तू विकत घेत नसत. वस्तूला घरात यायची परवानगी देत. ती मिळवताना भल्याभल्या वस्तूंचा दम निघे. मिक्सरला दोन वर्षं उमेदवारी करावी लागली. सोफ्याचा अर्ज तर अजून विचाराधीन होता, आणि तोवर पाहुणे लोखंडी खुर्च्यांवर बसून पाठीचे हाल करून घेत होते. अशा माणसाच्या दारात एके दुपारी फोटो छापायच्या यंत्राचं खोकं उतरलं, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी खिडकीचा पडदा सरकवून पाहिलं, हे अगदी साहजिक होतं.

त्यांचं खरं नाव जिन्यातल्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो. सगळी नोकरी त्यांनी विजेचे मीटर वाचण्यात घालवली. दारोदार "रीडिंग" अशी हाक घालत फिरायचं, जिन्याखालच्या कोनाड्यात वाकायचं, मोडक्या सायकली आणि फुटक्या बादल्या ओलांडायच्या, काचेवरची धूळ रुमालानं पुसायची आणि आकडा टिपायचा. लोकांनी ती हाकच त्यांच्या अंगाला चिकटवली. निवृत्त झाल्यावर कंपनीनं बॅटरी परत घेतली, नाव मात्र घ्यायचं विसरली.

त्या नोकरीतली एकच गोष्ट त्यांनी घरी आणली. कुलूप असलेल्या घरापुढे "दार बंद" असा शेरा मारून पुढे जायची तिथली पद्धत होती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, नको तो प्रश्न विचारला की रीडिंगकाका तोच शेरा मारत.

"अहो, हे खोकं कितीला पडलं?"

"दार बंद."

"कुलूप मीच तोडीन एक दिवस," काकू म्हणाल्या आणि खोक्याला वळसा घालून स्वयंपाकघरात गेल्या.

आता हे खोकं आलं कशामुळे, ते आधी सांगायला हवं. ते आलं ताईच्या नाकामुळे.

ताई ही रीडिंगकाकांची थोरली बहीण. आई दिवसभर कामावर, त्यामुळे काकांना न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. ती अजून त्यांना "धाकट्या" म्हणते, आणि ती समोर असली की काकाही पाठ सरळ करून बसतात. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलगा-सुनेकडे राहते. आणि तिला नाक आहे. नाक सगळ्यांनाच असतं, पण ताईच्या बाबतीत ते वेगळं सांगावं लागतं. लांब, मध्ये उंचवटा आलेलं, टोकाला किंचित खाली झुकलेलं. जणू देवानं आधी नाक घडवलं आणि मग त्याला राहायला जागा हवी म्हणून भोवती ताई बसवली. वडील थट्टेनं म्हणत, नाक आलं, आता दोन मिनिटांत पोरगी येईल. शाळेत तिला काय काय म्हणत ते इथे नको. लग्नाच्या वेळी चार-पाच घरांनी "मुलगी उत्तम आहे, पण" एवढंच बोलून चहा संपवला होता. त्या "पण"पुढे काय आहे हे कपबशी उचलणाऱ्या धाकट्यालाही कळत होतं.

पुढे लग्न झालं, संसार झाला. मुलगा झाला, तो नाकानं वडिलांवर गेला. नातू झाला, तो आईवर गेला. सगळे सुटले, असं ताई म्हणायची. आणि म्हणताना तिच्या आवाजात सुटकेखेरीज आणखी काहीतरी असायचं. इतकं सगळं ज्यानं सोसायला लावलं, ते नाक आता आपल्याबरोबरच संपणार, याचं माणसाला थोडं वाईट वाटणारच.

आणि मग रीडिंगकाकांच्या लेकीला मुलगी झाली. लेक विमानाच्या अंतरावर राहते. तिनं फोनवर पहिलंच वाक्य सांगितलं, "बाबा, बाळ ठणठणीत आहे. आणि आत्याचं नाक आलंय."

ही बातमी ताईपर्यंत पोचली त्याच सुमारास डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांबद्दल सांगितलं. नजर मधोमध विरत चालली होती. कडेचं काही काळ दिसेल, पण त्याचीही हमी नाही, आणि गेलेलं परत येणार नाही.

"म्हणजे बघ," ताईनं भावाला समजावून सांगितलं. ती दुःखाची गोष्टसुद्धा भाजीचा भाव सांगावा तशीच सांगायची. "तू समोर बसलायस ना, तुझं तोंड गेलंय. तिथे नुसतं धुकं. दोन बाजूंना दोन कान तेवढे शिल्लक आहेत."

"चांगलंच आहे की. तोंडात बघण्यासारखं कधी काही नव्हतंच."

"ते मला लहानपणापासून ठाऊक आहे." मग तिनं आवाज खाली आणला. "धाकट्या, मला पोरीचं नाक बघायचंय. खरंच माझं असेल तर तिला सांगून ठेवीन की घाबरू नकोस. त्या नाकाबरोबर कसं जगायचं, हे या जगात मला एकटीलाच माहीत आहे. पण नक्की बघितल्याशिवाय कसं सांगू? आणि ती येईल तोवर माझे डोळे थांबणार आहेत का?"

लेक यायला अजून बरेच महिने होते. काकांनी खिशातून फोन काढून नातीचा फोटो तिच्यासमोर धरला. ताईनं मान इकडे केली, तिकडे केली, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"या काचेत मला आमची ट्यूबलाइट दिसतेय," ती म्हणाली. "पोरगी कुठेय?"

"ही काय."

"कागदावर काढून आण, बाबा. कागद कसा, हातात धरला की स्थिर राहतो."

रीडिंगकाका थेट स्टुडिओवाल्याकडे गेले. स्टुडिओवाला त्यांचा शाळेतला बाकमित्र. त्याच्या दुकानात पासपोर्टच्या फोटोला आलेली माणसं हसू दाबून बसलेली असत आणि तो त्यांना "नैसर्गिक दिसा" असा दम देत असे. त्यानं एका फोटोचा दर सांगितला. तो काही फार नव्हता. पण काकांच्या डोक्यात मीटरची चकती फिरू लागली. एका फोटोनं भागणार नव्हतं. लेक रोज फोटो पाठवत होती, नात रोज बदलत होती. गेल्या आठवड्यातलं नाक या आठवड्यात जुनं होत होतं. इतके फोटो गुणिले हा दर, म्हणजे काही काळानं स्टुडिओवाला आपल्या पैशानं माडी बांधणार, असं त्यांना स्पष्ट दिसू लागलं.

"त्यापेक्षा घरीच छापलेलं बरं," ते म्हणाले.

"छाप की," स्टुडिओवाला म्हणाला. "यंत्र स्वस्तच असतं रे. त्याची तहान महाग असते."

मित्रानं इतकं सरळ सांगितलं की ते ऐकण्यात काही अर्थच उरला नाही. काका मोठ्या दुकानात गेले आणि सवलतीत लावलेलं एक यंत्र घेऊन आले.

काकूंचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की एक कप चहासाठी माणसं दूध आणतात, यांनी म्हैस आणली. ती म्हैस खिडकीपाशी टेबलावर बांधण्यात आली.

पहिले काही दिवस यंत्रानं काकांची परीक्षा पाहिली. पहिला फोटो त्यांनी कागदाच्या उलट्या बाजूवर छापला. शाई कागदात मुरेना, आणि नातीचा चेहरा उतारावरून खाली वाहू लागला. दुसऱ्या फोटोत नात हिरवी आली. तिसऱ्यात चेहऱ्यावर आडव्या रेघा, जणू खिडकीच्या गजांमागून बघतेय. यंत्रात एक "सफाई" नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र खोकल्यासारखे आवाज करी, स्वतःची नळी साफ करी, आणि त्या सफाईत निम्मी शाई पिऊन टाकी. शिवाय चार रंगांपैकी एक संपला की बाकीचे तीन संपावर जात.

"पिवळा संपलाय म्हणे," काका म्हणाले.

"आणि छापताय काय?"

"काळं पत्र. सोसायटीचं."

"मग पिवळा कशाला लागतो?"

"एकी आहे त्यांच्यात."

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. यंत्र बरेच दिवस पडून राहिलं तर शाई आतल्या आत वाळते, आणि मग पुन्हा ते खोकणं आणि पुन्हा ते पिणं. म्हणून गरज नसतानाही अधूनमधून काहीतरी छापत राहावं लागे. काकू त्याला "घास भरवणं" म्हणत. एका संध्याकाळी त्या काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि तोंडी हिशोब मांडू लागल्या. यंत्राची किंमत एव्हाना त्यांना दुकानातूनच कळली होती. अधिक शाईच्या दोन डब्या, अधिक कागदाचं पुडकं, अधिक वाया गेलेले कागद. भागिले चांगले आलेले फोटो.

"चांगले किती आले?" त्यांनी विचारलं.

काकांनी टेबलावर एक फोटो ठेवला. तो खरोखर चांगला होता. चकचकीत, गुळगुळीत, दुकानातल्या सगळ्यात महागड्या कागदावरचा. फ्रॉकवरचं फूलसुद्धा दिसत होतं.

"एक," ते म्हणाले.

"म्हणजे भागायचीसुद्धा गरज नाही," काकू म्हणाल्या आणि उठल्या. पण उठता उठता तो फोटो हातात घेऊन त्यांनी बराच वेळ बघितला, आणि ठेवताना कडेनं धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काका बसनं ताईकडे गेले. फोटो त्यांनी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून शर्टाच्या आत ठेवला होता. ताई बाहेरच्या खोलीत दिव्याखाली बसली होती. तिनं फोटो दोन्ही हातांत घेतला, मान वाकडी केली आणि बघितला.

"अगं बाई," ती म्हणाली. "अगदी माझंच की रे."

"नाक?"

"मग काय. कुठेही ओळखीन."

रीडिंगकाकांची छाती फुगली. म्हशीनं दूध दिलं होतं. सुनेनं चहा केला, तो त्यांनी दोनदा घेतला, आणि निघताना चपला घालायला दाराशी वाकले. तेवढ्यात शेजारची बाई काहीतरी मागायला आली. ताईनं तिला हाक मारली.

"ये, बघ. माझ्या भावाची नात. नाक बघ, माझ्यावर गेलीय की नाही?"

आणि तिनं फोटो पुढे केला. पाठीमागची कोरी पांढरी बाजू वर करून.

शेजारची बाई समंजस होती. तिनं फोटो हळूच घेतला, स्वतःच्या हातात उलटवला आणि म्हणाली, "हो ना. अगदी."

काका चपला घालत राहिले. चपला घालायला एवढा वेळ लागत नाही.

बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते त्यांना सांगता आलं नसतं. आपल्याला बरं वाटावं म्हणून ताई खोटं बोलली, हे काही नवीन नव्हतं. लहानपणी ताटातलं शेवटचं त्यांच्याकडे सरकवून "माझं पोट भरलं" असं ती रोज खोटं बोलायची. पण तेव्हा ते खोटं त्यांच्या पोटात तरी जात होतं. आज कोणाच्याच हाती काही लागलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंनी थट्टा केली नाही. "फोटो लहान पडला असेल," त्या म्हणाल्या. "स्टुडिओतून चांगला मोठा काढून आणा. खर्चाचं राहू द्या."

खर्चाचं राहू द्या, हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. काका निमूटपणे स्टुडिओवाल्याकडे गेले. स्टुडिओवाल्यानं एकही टोमणा मारला नाही, यावरून आपला चेहरा कसा दिसत असेल हे काकांना कळलं. त्यानं वहीच्या चौपट आकाराचा फोटो काढला, मित्राची बहीण म्हणून वर काच बसवून सोनेरी चौकट स्वतःहून घातली, आणि त्या चौकटीचे पैसे घ्यायचं नाकारलं.

ताईनं चौकटीवरून हात फिरवला. "किती सुंदर."

या वेळी काका सावध होते. "फ्रॉक कुठल्या रंगाचाय, सांग बघू."

ताई जराही अडखळली नाही. "लहान मुलांना कुठलाही रंग खुलून दिसतो."

"ताई."

"काय?"

"काही नाही," काका म्हणाले. वयानं इतकी मोठी बहीण इतकं सफाईनं निसटते, तेव्हा धाकट्यानं तिला पकडायचं नसतं.

त्यानंतर काही दिवस यंत्राला कोणी घास भरवला नाही. काकांनी त्याच्यावर जुना टॉवेल टाकला. टॉवेल टाकलेलं यंत्र, कोणाला न सांगता आजारी पडलेल्या माणसासारखं दिसत होतं.

महिना उलटला आणि काका आपल्या घरचा मीटर वाचायला निघाले. निवृत्तीनंतरही हा नेम त्यांनी सोडला नव्हता. कंपनीचा माणूस यायच्या आधी स्वतःचा आकडा तयार असला की त्यांना बरं वाटे. मीटर जिन्याखाली. बॅटरी धरायला काकू बरोबर. ही जोडगोळी दर महिन्याला तिथे भांडायची, आणि येणारी-जाणारी माणसं जिन्यातून शांतपणे वाट काढायची.

"नीट धर."

"नीटच धरलीय."

"अगं, सरळ काय मारतेस. काचेवर नुसता उजेड दिसतोय मला. आकडे कुठायत?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि काका तसेच वाकलेले राहिले. कंबर धरली, असं काकूंना वाटलं.

"काय झालं?"

"ट्यूबलाइट," काका म्हणाले.

"इथे कुठली ट्यूबलाइट?"

"ताईच्या घरातली. ती म्हणाली होती मला. काचेत ट्यूबलाइट दिसते म्हणून." ते हळूहळू सरळ झाले. "जन्मभर मी काय केलं सांग. बॅटरी तिरकी धरली. सरळ धरली की काच दिसते, तिरकी धरली की आकडा दिसतो. हे मला झोपेतसुद्धा येतं. आणि बहिणीसाठी मी काय नेलं? दुकानात होता तो सगळ्यात चकचकीत कागद. मग त्यावर काच घालून नेली. आणि ठेवली कुठे, तर दिव्याखाली."

काकूंनी बॅटरी विझवली. "महाग होता म्हणून चांगला वाटला तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एकदा महाग घेतलंत, ते हे असं झालं."

मीटर त्या महिन्यात वाचला गेला नाही. काकांनी दुकानातून खरखरीत, चमक नसलेला जाड कागद आणला. यंत्रावरचा टॉवेल निघाला. मग त्या घरात जे सुरू झालं त्याला छपाई म्हणावं की कारखाना, हे ठरवणं अवघड होतं. काकांनी रंग काढून टाकले, काळं-पांढरं तेवढं ठेवलं. मागची खोली, खेळणी, पाळण्याची कड, सगळं पुसून नुसता चेहरा ठेवला. काळं अधिक काळं केलं. एक गडद, एक फिकट, एक समोरून, एक बाजूनं. स्टुडिओत प्रत्येक वेळी "आणखी थोडा गडद कर" म्हणून जायचं तर मित्राचीही मैत्री झिजली असती. इथे यंत्र फक्त खोकत होतं.

आणि हे सगळे कागद घेऊन ते ताईकडे गेले. तिची खुर्ची दिव्याखालून उचलून खिडकीपाशी ठेवली, पाठीवर उजेड येईल अशी. सून म्हणाली, "मामा, खोलीची रचना बदलताय की काय?" मामा म्हणाले, "रीडिंग घेतोय."

"आता असं कर," त्यांनी ताईला सांगितलं. "सरळ बघू नकोस. माझ्या कानाकडे बघतेस ना, तसं कागदाच्या बाजूला बघ. आणि खोटं बोललीस तर चहा न घेता जाईन. मला सगळं माहीत आहे."

ताईनं पदर सावरला. "शेजारणीनं सांगितलं?"

"मी चपला घालत होतो."

"चपला घालायला एवढा वेळ लागतो?" ताई म्हणाली. पण मग तिनं पहिला कागद घेतला आणि त्याच्या बाजूला बघितलं. "हे काही नाही. ढग आहे."

दुसरा. "याला बटाटा म्हणतात."

तिसरा. "दोन बटाटे."

एकेक कागद नापास होत होता आणि रीडिंगकाकांना हळूहळू आनंद होत होता. इतक्या दिवसांनी ती खरं बोलत होती. बाजूनं काढलेल्या एका फोटोवर ती थांबली. "इथे काहीतरी आहे. कडा आहे. पण लहान आहे रे, हातातून निसटते."

"किती मोठा हवा?"

ताईनं दोन्ही हात पसरले. लहानपणी "किती जेवलास" असं विचारल्यावर धाकटा असेच पसरायचा.

घरी आल्यावर काकांनी यंत्राच्या पोटात शोधून एक सोय काढली: एकच चित्र चार कागदांवर वाटून छापायचं आणि मग जोडायचं. वरचे दोन कागद बाहेर पडले. कपाळ, डोळा, कान, आणि टोकापर्यंत नाक. मग यंत्र खोकलं, लाल दिवा लागला आणि सगळं थांबलं. काळा संपला होता.

"आता?" काकू म्हणाल्या.

दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. काकांनी वरचे दोन कागद मागून चिकटपट्टी लावून जोडले. अर्धी नात तयार झाली. ओठ नाहीत, हनुवटी नाही. पाण्यात नाकापर्यंत बुडलेल्या पोहणाऱ्यासारखी ती दिसत होती.

"उद्या शाई आणून पूर्ण करा आणि मग न्या," काकू म्हणाल्या.

"नाकापर्यंतच बोलणं झालं होतं," काका म्हणाले आणि शर्ट घालू लागले. आज दिसतंय ते उद्या दिसेलच असं कोणी सांगितलं नव्हतं. काकूंनी पुन्हा एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि साडी बदलून त्याही निघाल्या.

खिडकीपाशी ताईनं तो मोठा कागद मांडीवर उभा धरला. मान वळवली. नजर कागदाच्या बाहेर, भिंतीकडे कुठेतरी. काका तिच्याकडे बघत होते आणि काकू काकांकडे.

"हनुवटी कुठेय?" ताईनं विचारलं.

काका म्हणाले, "शाई संपली."

"कंजूष मेला." तिनं कागद जरा तिरका केला. बोट उचललं, कागदाला न टेकवता कपाळावरून खाली आणलं, भुवईपाशी आत घेतलं, आणि नाकावरून उतरवलं. पुन्हा वर नेलं, पुन्हा उतरवलं.

"हे माझं नाक नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझं नाही. मधे उंचवटा कुठाय? टोक बघ, वर उचललंय. हे तुझ्या बायकोचं नाक आहे. इतकी वर्षं बघतेय मी ते, माझ्याच भावाच्या शेजारी."

"वन्सं, काहीतरीच काय," काकू म्हणाल्या आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला.

"माझं असतं तर खोटं कशाला बोलले असते? लेक तुमची उगाच गाजावाजा करते." ताईनं कागद खाली ठेवला. "सुटली पोरगी."

काकांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिनं बघितलं होतं, खरंखुरं बघितलं होतं, इतकं की भांडत होती. पण मांडीवरचा तिचा हात कागदाच्या कडेवरून उगाच मागेपुढे फिरत होता. त्यांना वाटलं, हिला दिसलं नसतं तर बरं झालं असतं का? निदान ते नाक हिच्याजवळ राहिलं असतं.

मग ताईनं कागद पुन्हा उचलला. या वेळी तिनं मान दुसरीकडे वळवली.

"थांब," ती म्हणाली. "कान बघ."

"कान?"

"वरची कड बघ. आत दुमडलीय ना? पुस्तकाचं पान दुमडावं तशी. आणि खाली पाळी गालाला चिकटलीय. तो कान माझा आहे." तिनं पदर मागे सारला आणि डोकं पुढे केलं. "बघ ना इकडे. सगळ्यांनी जन्मभर नाक बघितलं. कान कोणी बघितला?"

रीडिंगकाका खुर्चीवरून उठले आणि बहिणीच्या कानाशी वाकले. हाच तो पवित्रा, जिन्याखालचा. ज्या बहिणीनं त्यांना वाढवलं तिचा कान ते पहिल्यांदा बघत होते. वरची कड आत दुमडलेली होती. पाळी गालाला चिकटलेली होती. लहानसा, नेटका, सुरेख कान होता तो. शेजारच्या नाकामुळे त्याचं आजवर कधी नाव निघालं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

"तेच सांगतेय. त्या कानाला गार वारा अजिबात सोसत नाही. लेकीला सांग, बाहेर नेताना टोपी घाल म्हणावं." ताईचा आवाज एकदम कामाला लागला होता. "आणि दोन बाजूंचे सारखे नसतील. माझा डावा थोडा मोठा आहे. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूनं काढून आण. जरा मोठा काढ."

हा कागद आधीच तिच्या मांडीवर मावत नव्हता. पुढचा आणखी मोठा लागेल, त्याच्या पुढचा त्याहून, आणि मग एक दिवस कितीही मोठा काढला तरी पुरणार नाही, हे तिथे बसलेल्या तिघांनाही कळत होतं. काका म्हणाले, "काढतो."

परतीच्या वाटेवर बसथांब्यापाशी स्टुडिओवाला भेटला. त्यानं काकांच्या हातातली, ताईकडून परत आणलेल्या नापास कागदांची गुंडाळी पाहिली आणि मित्राच्या हक्कानं विचारलं, "मग काय, शेवटी घरी एक फोटो कितीला पडला? माझ्यापेक्षा स्वस्त?"

रीडिंगकाकांनी तोंड उघडलं. पण काकूंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"दार बंद," त्या म्हणाल्या.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. अंधारून आलं होतं आणि काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. थोड्या वेळानं त्यांनी मान जराशी बाजूला वळवली, काचेकडे तिरकं पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, उद्या शाई आणायला जाल तेव्हा दोन डब्या आणा. ताईंसाठी दुसऱ्या बाजूचा कान काढायचाय." मग जरा थांबून, "आणि एवीतेवी यंत्र सुरू करणारच आहात, तर ते नाक पुन्हा एकदा काढा. बाहेरच्या खोलीत लावू. सोफा नाही तर नाही, भिंतीवर काहीतरी हवं ना."